चाल घोड्याची, चाल गाण्याची

मराठीत घोड्यालाही चाल असते आणि गाण्यालाही. एकच शब्द, आणि कुणाची गफलत होत नाही. आमच्या नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, दक्षिणेला श्रीगोंदा-कर्जतच्या कडेने भीमा वाहते. तिच्या खोऱ्यातली भीमथडीची तट्टे राज्यगीतातही आहेत. त्यामुळे घोडा म्हटला की आम्हाला लढाया आठवतात, स्वाऱ्या आठवतात; गाणे आठवत नाही. मलाही आठवत नसे. विष्णुपंत छत्रे यांच्याविषयी वाचले आणि हा एक शब्द नव्याने कळला.

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे १८४० साली आजच्या सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपला जन्मले. अभ्यासात मन नाही, वेड दोन गोष्टींचे. दोन्ही वेडे त्यांना एकाच गावी घेऊन गेली. जयाजीराव शिंद्यांच्या ग्वाल्हेरीत तेव्हा अश्वविद्येतले जाणते बाबासाहेब आपटे होते आणि ख्यालगायकीतले थोर उस्ताद हद्दू खाँही होते. आपट्यांकडे घोडा आणि खाँसाहेबांकडे गाणे, अशी ही दुहेरी शागिर्दी. चाबूकस्वाराची मेहनत आणि गवयाची मेहनत एका देहाने करायची, हे सोपे नाही. पागेतला घोडा मारून शिकत नाही. त्याला रोज तीच गोष्ट, त्याच ठिकाणी, न कंटाळता करायला लावावी लागते. तानेचा पलटाही तसाच घोटावा लागतो.

पुढे विष्णुपंत कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाला आले. १८७९ मध्ये किआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती. ती पाहून हे आपल्यालाही जमेल, या ईर्ष्येने पंतांनी १८८० मध्ये स्वतःची सर्कस उभी केली. हिंदी माणसाने काढलेली ती पहिली सर्कस. तिचा जीव घोड्यांत होता.

इथे थोडे रिंगणाविषयी सांगतो. लंडनच्या फिलिप अ‍ॅस्टलीने अठराव्या शतकात सर्कशीचे गोल रिंगण रूढ केले आणि त्याचा व्यास ४२ फूट ठरून गेला. एवढ्या वर्तुळात घोडा एकसारखा दौडू लागला, की स्वाराला त्याच्या पाठीवर उभे राहता येते. घोड्याने चाल बदलली की स्वार खाली. म्हणून सर्कशीत घोडा बँडवर नाचतो असे आपल्याला वाटते, पण जाणता बँडमास्तर घोड्याच्या पायांकडे पाहून वाजवतो. ग्वाल्हेरचा ख्याल ऐकताना मला हे रिंगण दिसते. विलंबित म्हटले तरी तिथला ठेका फार रेंगाळत नाही. तो फिरून समेवर येतो आणि गवई त्याच्यावर निर्धास्त उभा राहतो. हद्दू खाँच्या या शागिर्दाला दोन्ही ठिकाणची लय एकच वाटली असेल, हा आपला माझा तर्क.

मात्र गाण्यावर घोड्यांचे खरे उपकार वेगळेच आहेत. हद्दू खाँ गेले. त्यांचा मुलगा रहिमत खाँ, दैवी गळ्याचा, पण अफूच्या नादी लागलेला, भटकत राहिला. सर्कशीच्या दौऱ्यात विष्णुपंतांना तो बनारसला दीनवाण्या अवस्थेत आढळला, असे सांगतात. पंतांनी त्याला ओळखले आणि आपल्याबरोबर घेतले. उस्तादाच्या मुलाला आमच्यात साहेबजादे म्हणतात, मराठीत गुरुपुत्र. दोन्ही शब्दांत ऋण आहेच. पण ऋण मानायला पैसा लागतो, आणि अफूची सवय, लहरी स्वभाव, कधी गाईल कधी नाही याचा भरवसा नाही, अशा गवयाला पोसायला कोण तयार होणार? पंतांकडे तिकिटावर चालणारी सर्कस होती. तंबू हलला की खाँसाहेबही हलत, आणि मुक्कामी त्यांच्या बैठकी होत. पंत स्वतः मोठे गवई म्हणून गाजले नाहीत. घोड्यांनी त्यांचा वेळ खाल्ला असेल. पण बिथरलेल्या जनावराला धीराने घेण्याची सवय हाताला नसती, तर बिथरलेला हा माणूस त्यांच्याने सांभाळला गेला असता असे मला वाटत नाही.

महाराष्ट्राने रहिमत खाँना ‘भूगंधर्व’ म्हटले. १९०५ मध्ये विष्णुपंत वारले. नंतर बंधू काशिनाथपंतांनी खाँसाहेबांना अंतर दिले नाही. उतारवयात त्यांच्या गाण्याच्या तबकड्या निघाल्या. आवाज थकलेला, तरी सुरांची आस कानांत राहते. १९२२ मध्ये ते कुरुंदवाडला गेले. उस्तादाचा मुलगा ग्वाल्हेरहून निघून कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या एका छोट्या संस्थानी गावात विसावला.

कुरुंदवाडपासून मिरज फार लांब नाही. मिरजेत अब्दुल करीम खाँ राहत. किराण्याचे असूनही रहिमत खाँच्या सुरांची छाप त्यांनी मनमोकळेपणाने घेतली. भैरवीतली ‘जमुना के तीर’ रहिमत खाँच्या तबकडीत आहे, आणि अब्दुल करीम खाँच्याही. तीच पुढे भीमसेन जोशी गात. पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या शेवटच्या सकाळी भीमसेनजींची भैरवी ऐकायला आमच्या नगरहूनही माणसे जात. त्यांत मीही एकदा होतो, मागच्या बाजूला, सतरंजीवर. तेव्हा या भैरवीच्या वाटेवर सर्कशीचा एक तंबू लागतो, हे मला ठाऊक नव्हते.