अन्न सोडलेली माणसं

आजोळी मरणाच्या गोष्टी संध्याकाळी, भाजी निवडताना निघायच्या. शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव, पुढचा सोपा, आज्जीपुढे सुपात मेथी. कोण कसं गेलं हे सांगताना तिचा हात थांबत नसे. अंथरुणाला खिळून, हाल होऊन गेलेल्यांना ती एका वाक्यात उरकायची. ज्यांच्या 'मरणाचं सोनं झालं' त्यांची गोष्ट मात्र अख्खी जुडी निवडून होईस्तोवर चालायची.

त्यात पहिला मान तिच्या सासूचा, म्हणजे माझ्या पणजीचा. वय पाऊणशेच्या पुढं, दात गेलेले, कंबर वाकलेली. एका आषाढात ती म्हणाली, "आता बास झालं," आणि रात्रीचं जेवण बंद केलं. मग सकाळची भाकरी गेली, मग दूध गेलं. शेवटी तुळशीचं पान टाकलेलं पाणी तेवढं उरलं. गावातली माणसं पाया पडून जायची, सोप्यात रोज भजन. एकादशीला गेली. "तिनं ठरवलं आन् ती गेली," आज्जी म्हणायची. "डॉक्टर न्हाई, सुई न्हाई, कुणाला तरास न्हाई."

शेजारच्या जैन काकींकडे याहून मोठी गोष्ट होती. आचार्य शांतिसागर महाराज बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, म्हणजे आमच्या भागाला घरचेच. १९५५ साली त्यांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली आणि ३६ दिवसांनी, १८ सप्टेंबरला देह ठेवला. काकी तेव्हा नवी नवरी. सासऱ्यांबरोबर दर्शनाला गेल्या होत्या. डोंगरावर मुंगीला वाट मिळू नये अशी गर्दी, आणि महाराज अन्न सोडून बसले ते त्या मुंगीपायीच, असं काकी सांगायच्या. त्यांची दृष्टी गेली होती. पायाखाली जीव आला तर दिसणार कसा, आणि न दिसता चालायचं तर अहिंसेचं व्रत पाळायचं कसं? स्वतःच्या वेदनेचं कारण त्यात कुठेच नव्हतं. आज वेदना, परावलंबन, प्रतिष्ठा असे शब्द घेऊन इच्छामरणाचा जो वाद होतो, त्याच्या कुठल्याच बाजूला महाराजांना बसवता येत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखनेला आत्महत्येच्या पंगतीला बसवलं आणि महिना संपायच्या आत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. काकी तोवर गेल्या होत्या. असत्या तर कोर्टाची चांगली खरडपट्टी काढली असती.

थोरले मामा सर्वोदयातले. त्यांची गोष्ट पवनारची. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. उपचार करायला डॉक्टर तयार होते, पण विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही सोडलं. १५ तारखेला, ऐन दिवाळीत, गेले. त्याआधी सोळा वर्षं सावरकरांनीही तेच केलं होतं: १ फेब्रुवारी १९६६ पासून प्रायोपवेशन, २६ तारखेला अंत. एरवी ज्यांचं एका वाक्यावरही जमलं नसतं अशी ही दोन माणसं गेली मात्र एकाच रीतीने. मामांना हे सांगितलेलं आवडायचं नाही.

त्या काळात दंडसंहितेचं ३०९ कलम जागं होतं. आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंत कैद. पवनारला ते कुणाला आठवलं नाही, आणि बरंच झालं. पण १९८५ मध्ये मुंबई पोलिसांतला एक हवालदार, मारुती श्रीपती डुबल, महापालिकेच्या दारात अंगावर रॉकेल ओतून घेत होता, तेव्हा ते बरोबर आठवलं. अपघातात डोक्याला मार लागून त्याचं मन आजारी झालं होतं. त्याला रीतसर आरोपी केलं गेलं. उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने १९८६ मध्ये ते कलमच घटनाबाह्य ठरवलं; पुढे १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभं केलं. साधूने अन्न सोडलं तर दर्शनाची रांग, आणि हवालदाराने काडी पेटवायला घेतली तर गुन्हा. दोन्ही मरणं सारखी नव्हेत, मान्य. पण हवालदाराला वेळेवर औषधपाणी मिळालं असतं तर तो त्या दारात आला असता का, हे विचारण्याची सोय त्या कलमात नव्हती.

आज्जी गेल्यावर तिची धाकटी जाऊ, आम्ही तिला बारकी आज्जी म्हणायचो, पणजीची गोष्ट पुन्हा सांगायला बसली. माणसं तीच, आषाढही तोच.

"ठरवलं कसलं, बाळ? म्हातारीला परसाकडं न्यायला कोण नव्हतं. पावसाचे दिवस, परड्यात घोट्याएवढा चिखल. तुझी आज्जी बाळंतीण, मी दिवसभर शेतावर. रात्री पोट बिघडलं की कुणाला उठवायचं? एकदा एकटीच गेली, पडली, लुगडं घाण झालं. मी धुतलं. धुताना तोंडातून काय गेलं असंल ते गेलं. दुसऱ्या दिवसापास्नं रात्रीचं बंद केलं तिनं. खाल्लं न्हाई की जावं लागत न्हाई, एवढाच हिशेब."

हे सांगताना ती रडली वगैरे नाही. लुगडं नऊवारी होतं, पिळायला दोघी लागायच्या आणि ती एकटी होती, हेही तिने सांगितलं. मला विचाराल तर दोन्ही आज्ज्यांचं खरं असणार. उपास चिखलापायी सुरू झाला असेल आणि लोक पाया पडू लागल्यावर पणजीलाही तो व्रत वाटला असेल. कुणी तिला विचारलं नाही, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं.

मुंबईच्या नर्स अरुणा शानबाग यांना तर विचारताच येत नव्हतं. २७ नोव्हेंबर १९७३ला केईएम रुग्णालयात एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला, मेंदूचा प्राणवायू तुटला. चोरी आणि हल्ल्यासाठी सात वर्षं भोगून तो सुटला; त्या ४ नंबर वॉर्डालगतच्या खोलीत पडून राहिल्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांचं अन्न थांबवण्याची परवानगी मागितली, आणि केईएमच्या नर्स विरोधात उभ्या राहिल्या. ७ मार्च २०११ला न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. अरुणांच्या वतीने बोलायचा हक्क विराणींचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं न्यायालय म्हणालं. इतक्या वर्षांत अंगाला एक जखम पडू न देता त्यांनी कूस बदलली होती, भरवलं होतं, धुतलं होतं. हा निकष मला पटतो आणि धडकीही भरवतो. धुणाऱ्या हाताचा शब्द मोठा धरायचा, तर बारक्या आज्जीच्या हातात पणजीचं सगळंच होतं. १८ मे २०१५ला अरुणा न्यूमोनियाने गेल्या.

त्याच निकालाने कृत्रिम उपचार थांबवण्याचं दार मात्र किलकिलं केलं. ९ मार्च २०१८ला घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि आपली इच्छा आधीच लिहून ठेवायची सोय दिली. त्यासाठी मॅजिस्ट्रेटची सही लागायची, म्हणून कागद कुणी करेना. जानेवारी २०२३मध्ये ती अट गेली: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं. प्राण घेणारं औषध देणं आजही गुन्हाच आहे. नेदरलँड्समध्ये २००२ पासून ते कायद्यात बसतं, आणि ते मागणाऱ्यांचं दुःख मला खोटं वाटत नाही. पण मामा कॅन्सरने गेले तेव्हा मॉर्फिनच्या गोळ्यांसाठी आम्ही तालुका, मग जिल्हा पालथा घातला. ते विनोबांची वाट धरतील असं सगळ्यांना वाटलं होतं. कळ थांबली की ते शिरा मागायचे. कळ उठली की मरण मागायचे. गोळी असेल तर शिरा, नसेल तर मरण, यातल्या दुसऱ्या मागणीवर कायद्याने सही घ्यावी असं मला वाटत नाही. आधी गोळी पोचू दे. परसाकडं न्यायला माणूस असू दे. मग वाद घालू.

आईने तिचा कागद गेल्या वर्षी केला. व्हेंटिलेटर नको, नळी नको, दुखणं थांबवणारं सगळं हवं. आपल्या वतीने कोण बोलणार या रकान्यात तिने माझं आणि वहिनीचं नाव लिहिलं. दादाचं नाही. नोटरीने चष्म्यावरून पाहिलं, "आजी, मुलगा आहे ना तुम्हाला?"

"आहे की," आई म्हणाली. "पण त्याला एसटीचं तिकीट काढायचं तरी चौघांना फोन करावा लागतो. आणि मला धुणार या दोघी."

वहिनी तिथेच म्हणाली, "आई, मी एकटी धुणार नाही हां. ह्यांनाही लावणार." नोटरीने तेवढंच कागदावर घेतलं नाही.