उसन्या चासीचा विचार

गोदावरीच्या खोऱ्यांतील जांब समर्थ हें गांव महाराष्ट्रास श्रीसमर्थ रामदासांचें जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे. १६०८ सालीं येथें जन्मलेल्या त्या पुरुषानें देशभर भ्रमण केलें तें पायीं. तेव्हां त्यांच्या गांवाचें नांव घेऊन मोटारीविषयीं लिहिणें कोणास विसंगत वाटेल. परंतु घनसावंगी तालुक्यांतील काळ्या मातीनें पावसाळ्यांत ज्याची गाडी एकदां धरून ठेवली, त्यास तसें वाटणार नाहीं. मागच्याच चाकांस गति असलेली मालमोटार अशा मातींत पुढचीं चाकें नुसतीं ढकलीत नेते, आणि तीं अधिकच रुततात. पुढचीं चाकें स्वतः ओढूं लागलीं तर तीं आपली वाट आपण काढतात. जुन्या मालमोटारीचें रूप राखून तिच्याखालीं चारी चाकांस गति देणारी दुसऱ्या गाडीची चासी घालावी, हा विचार येथूनच जन्मास येतो. ती चासी कोणत्या गाडीची असावी, याचें उत्तर इतिहासांत पाहावें असें आम्हांस वाटतें.

आपल्याकडे मालमोटार पुष्कळदां चासीच्या रूपांतच विकली जाई. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईंत शिवडीस जुळवणीचा कारखाना काढला. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, व पुढें तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत डॉज व फार्गो मालमोटारी जुळविल्या जाऊं लागल्या. चासी व इंजिन कारखान्याचें; त्यावर लाकडी हौदा चढवावयाचा तो इकडच्या सुतार-लोहारांनीं. म्हणजे एकाच्या चासीवर दुसऱ्याचा सांगाडा ही रीत आपणांस नवी नाहीं. भेद आहे तो एवढाच, कीं तेव्हां हौदा चासीच्या मापानें बनत असे, आणि आतां चासी सांगाड्याच्या मापानें शोधावयाची आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपले लोक म्हणतात. येथें पाय आधींच ठरलेले आहेत, अंथरूणच त्यांच्या मापाचें मिळवावयाचें आहे.

हा भेद विसरल्यामुळें बहुतेकांची नजर प्रथम जीपवर जाते. १९४० सालीं अमेरिकेंत बँटम कंपनीनें या गाडीचा पहिला नमुना सैन्यास दिला. महायुद्धांत विलीज व फोर्ड यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर महिंद्रा कंपनीनें मुंबईंत विलीज जीपची जुळवणी आरंभिली, आणि हें नांव खेडोपाडीं पोहोंचलें. पण कीर्ति निराळी व माप निराळें. विलीज जीपच्या पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर ८० इंच. १९४७ ते १९५३ या काळांतील अर्ध्या टनाच्या शेव्हरले मालमोटारीचें ११६ इंच. ही तीन फुटांची तूट भरण्यासाठीं चासी मधोमध कापून लांबवावी, तर जोड येतो तो मधल्या भागांत, जेथें ओझ्याचा वांक फार पडतो तेथेंच. शिवाय जीप ही पाव टनाची गाडी. भरल्या हौद्याचा भार तिच्या पाट्यांनीं सोसावा कसा? युद्धांतील पाऊण टनाच्या डॉज डब्ल्यूसी-५१ चें हेंच अंतर ९८ इंच, आणि १९४६ पासून विक्रीस आलेल्या डॉज पॉवर वॅगनचें १२६ इंच. येथें फरक कमी, आणि भार सोसण्याची शक्ति पुष्कळ. कारागिराचें काम त्यानें संपत नाहीं, पण सोपें होतें.

माप जुळलें तरी परीक्षा उरतेच. पुढच्या व मागच्या डिफरन्शियलचें प्रमाण एकच आहे काय? पुढचा फिरता दांडा इंजिनाच्या तेलटाकीस अडतो काय? स्टिअरिंग उजव्या हातास बसेल काय? आणि चासीस कोठें बारीक तडा गेला आहे काय? नांवावर भुलून घेतलेल्या मालाचें काय होतें, याचें उदाहरण आपल्याच राज्यकारभारांत आहे. १९४८ सालीं काश्मीरच्या युद्धाकरितां लंडनमधील भारतीय उच्चायुक्त कचेरीनें जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा सौदा केला व बराच पैसा आगाऊ दिला. ज्या १५५ गाड्या येऊन पोहोंचल्या, त्या सैन्यास उपयोगी पडल्या नाहींत. जीप वाईट नव्हती. पाहणीवांचून घेतलेली जीप वाईट ठरली.

शेवटचा प्रश्न मात्र लोखंडाचा नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें गाडीची ओळख चासीवर कोरलेल्या क्रमांकांत असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफारास मनाई करतें; आणि २०२१ सालीं पन्नास वर्षांवरील खासगी वाहनांची जी निराळी नोंद सुरू झाली, तिचीही अट चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी आहे. म्हणजे चासी बदलली, कीं आजोबांच्या काळची ती मालमोटार कागदावर उरत नाहीं; उरतें तें तिचें तोंड.

म्हणून आमचें मत असें, कीं जुनी चासी धड असेल तर तिला हात लावूं नये. चिखलासाठीं दुसरी गाडी आणावी आणि जुनीस उन्हाळ्याच्या वाटेवर चालवावें. ती गंजून मोडलीच असेल, तर नोंदणी कचेरींत आधीं विचारावें, मग गजपट्टी घेऊन निघावें, आणि नांव सर्वांत शेवटीं पाहावें. काढलेल्या जुन्या चासीचा क्रमांक कोरलेला तुकडा मात्र भंगारांत घालूं नये. ज्यानें ती मालमोटार घरीं आणली, त्याच्या कष्टांची साक्ष त्या चार-सहा आंकड्यांतच राहिलेली असते.