बंदरावर उतरलात, पण रात्री टेकायचं कुठे?

गेल्या काही महिन्यांत पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या तिघाचौघांनी मला एकच प्रश्न विचारला. मुंबईच्या पुराभिलेखागारात काम करायचं आहे, राहायचं कुठे? फाइली कशा मागवायच्या, परवानगीचं पत्र कसं लिहायचं हे गाइड सांगतात. राहण्याचं मात्र कुणी सांगत नाही.

आधी व्यवहाराचं उत्तर देऊन टाकतो. पिरंगुटहून पहाटेची पीएमटी धरून पुणे स्टेशनवर सव्वासातची डेक्कन क्वीन गाठता येते आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतही येता येतं. पण येण्याजाण्यात दिवस संपतो, हातात फार तर दोन फाइली लागतात. सलग आठवडाभर काम असेल तर फोर्टच्या आसपास मुक्काम हवा. सीएसएमटीच्या रिटायरिंग रूम्स, वायएमसीए, कुलाब्यात ताजच्या मागे असलेलं साल्व्हेशन आर्मीचं रेड शील्ड हाउस, मशीद बंदरच्या बाजूची लॉजेस, अशी ठिकाणं आहेत. चौकशी आधी करा, ओळखपत्र जवळ ठेवा. आणि डोंबिवलीला किंवा नवी मुंबईत आत्या-मावशी असेल तर तिला फोन करा. तुमच्यापैकी बहुतेक जण शेवटी हेच करणार आहेत, हे मला माहीत आहे.

ते का, हाच माझ्या संशोधनातला निम्मा प्रश्न आहे. मी एम.एस्सी. केलं संख्याशास्त्रात आणि आता काम करतोय मुंबई बंदरालगतच्या वस्तीच्या इतिहासावर. परक्या बंदरात उतरलेला माणूस पहिली रात्र कुठे काढतो, या साध्या प्रश्नाला जुन्या कागदांत सरळ उत्तर मिळत नाही.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. बोरीबंदर, मशीद बंदर, वाडीबंदर, चिंचबंदर. यातल्या काही नावांपाशी आज पाणी दिसतसुद्धा नाही, कारण भराव घालत घालत समुद्र पूर्वेला ढकलला गेला. पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला १८७३ साली. ससून डॉक १८७५, प्रिन्सेस डॉक १८८०, व्हिक्टोरिया डॉक १८८८ आणि अलेक्झांड्रा डॉक १९१४. चाळीस वर्षांत किनाऱ्याचं रूप बदललं. गोद्या वाढल्या तशी माल उचलणारी माणसंही वाढली. कोकणातला माणूस बोटीने थेट धक्क्यावर उतरायचा. आपल्याकडचा घाटावरचा माणूस, बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यावर म्हणजे १८६३ नंतर, बोरीबंदर नाहीतर मशीद स्टेशनात उतरायला लागला. डोक्यावर वळकटी, हातात पिशवी.

आता पुराभिलेखागाराच्या दारातून बाहेर पडा. काळ्या घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतच ते आहे. त्याच रांगेत पुढे वॉटसन हॉटेलची इमारत लागते. १८६०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडहून लोखंडी सांगाडा आणून ते उभारलं, गोऱ्या पाहुण्यांसाठी. सात जुलै १८९६ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. पाच मिनिटं चाललं की रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, म्हणजे आजचं राज्य पोलीस मुख्यालय. बोटीवरून उतरलेला युरोपीय खलाशी दारूच्या गुत्त्यात आणि दलालांच्या हाती सापडू नये म्हणून बांधलेलं. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, ज्याने पुढे व्ही.टी. स्टेशन बांधलं. देणगी बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची. त्याच्याही पुढे, किनाऱ्यावर, १९०३ साली उघडलेलं ताज.

या तिन्ही इमारतींची माहिती तुम्हाला एका दुपारात मिळेल. कोनशिला आहेत, फोटो आहेत, वर्तमानपत्रांतल्या बातम्या आहेत. गंमत अशी की बंदरात उतरणाऱ्यांपैकी अगदी थोड्यांची सोय या तिघांत होत होती. बाकीच्यांचं काय?

काहींसाठी धर्म आणि दानशूर माणसं होती. हजला निघालेल्यांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना. मुंबईहून जेद्दाला जहाजं जात होती तोवर, म्हणजे १९९५पर्यंत, बोटीची वाट पाहणं हा त्या प्रवासाचाच भाग होता. इतर यात्रेकरूंसाठी वेगवेगळ्या समाजांच्या धर्मशाळा होत्या. गोव्याहून येणाऱ्या खलाशांची, आचाऱ्यांची पद्धत तर फार पाहण्यासारखी. धोबीतलावच्या जेर महालसारख्या इमारतींत त्यांचे ‘कूड’ म्हणजे क्लब होते, काही अजून आहेत. एकेका गावाचा एकेक कूड. भिंतीलगत पेट्यांची ओळ, एका कोपऱ्यात गावच्या संताची वेदी, जमिनीवर चटई. जहाज मिळेपर्यंत थोड्याशा पैशांत राहायचं, जहाज मिळालं की पेटी तिथेच ठेवून निघायचं. तुमचं गाव कोणतं, एवढाच प्रवेशाचा प्रश्न.

आपल्या बाजूच्या लोकांनीही हेच केलं, वेदीऐवजी भिंतीवर ग्रामदैवताचा फोटो. गावाची खोली म्हणा, काही भागांत तिला गाळा म्हणतात. चाळीतली एक खोली, भाडं सगळ्यांनी वाटून घेतलेलं. पाळ्या असल्या की रात्रपाळीवाला दिवसा झोपतो आणि त्याच्याच जागेवर दिवसपाळीवाला रात्री. जेवण खाणावळीत, म्हणजे बहुतेकदा शेजारच्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या हिशेबाने. या खाणावळवाल्या बायकांनीच पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मुंबईचे डबेवाले मुख्यतः मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले, हे तुम्हाला माहीत असेलच. १८९०च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा धंदा सव्वाशे वर्षांहून जास्त टिकला, त्याचं श्रेय सगळे डब्यांवरच्या खुणांना देतात. मला वाटतं, गावच्या खोलीलाही थोडं द्यायला हवं. नवा मुलगा आला की त्याला झोपायला जागा, काम शिकवणारा आणि जामीन राहणारा माणूस, तिन्ही एकाच दाराआड मिळत होतं.

आता मुद्द्याचं. ही खोली सरकारी कागदांत दिसते का?

दिसते, पण फक्त संकटात. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो मांडवीत, म्हणजे गोद्यांना लागूनच. तिथल्या घरांची रचना लक्षात घ्या. तळमजल्यावर धान्याची गोदामं, वर माणसांच्या खोल्या. धान्याला उंदीर, उंदरांवर पिसवा. पिसवांचा हा दुवा पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये मांडला आणि परळच्या प्रयोगशाळेत १९०५नंतर झालेल्या कामाने तो पक्का झाला. तोवर अधिकाऱ्यांचा संशय गर्दीवर, घाणीवर आणि कोंदट हवेवर. म्हणून खोल्या मोजल्या गेल्या, कौलं काढून ऊन आत सोडलं गेलं, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यूएचएच’ अशी इंग्रजी अक्षरं रंगवली गेली. प्लेगचे अहवाल वाचताना तुम्हाला पहिल्यांदा कळतं की एका खोलीत किती माणसं होती. ती एकत्र का होती, हे मात्र कळत नाही. अहवाल लिहिणाऱ्याला ती फक्त गर्दी दिसते.

त्याच वेळी जवळपास निम्मं शहर गावी पळालं. १८९१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, १९०१ला ती ७,७६,००६ भरली. हे आकडे सगळे वापरतात. संख्याशास्त्राच्या माणसाला पहिली शंका येते ती अशी: ही घट नेमकी कशाची? मृत्यूची किती आणि ऐन मोजणीच्या दिवशी गावाला असलेल्यांची किती? गावच्या खोलीतला माणूस मुंबईचा धरायचा की मुळशीचा? तो वर्षातले आठ-नऊ महिने एकीकडे असतो, भातलावणीला दुसरीकडे. जनगणना त्याला कुठेतरी एकाच ठिकाणी बसवते.

असाच घोळ ‘कुटुंब’ या शब्दाचा. आपल्या जनगणनेत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब असं धरतात. मग एका खोलीत झोपणारे पण वेगवेगळ्या खाणावळींत जेवणारे पंधरा जण म्हणजे किती कुटुंबं? तुम्ही आकडेवारी घेऊन काम करणार असाल तर तक्त्याआधी व्याख्येचं पान वाचा. लेबर ऑफिसने १९२१-२२मध्ये कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, तिचा फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ला आला. कामगार कुटुंबांपैकी ९७ टक्के एकाच खोलीत राहतात, हा प्रसिद्ध आकडा त्यातूनच येतो. पण तो कुटुंबांचा आहे. एकट्या पुरुषांचे हिशेब त्या अहवालात वेगळे आहेत आणि आपली गावची खोली त्या दुसऱ्या भागात आहे. उद्धृत होतो तो नेहमी पहिला भाग.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारं प्रकरण बीडीडी चाळींचं आहे. १९२०ला गव्हर्नर लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. शहरात खोली मिळत नाही म्हणून पायऱ्यांवर, व्हरांड्यात, फुटपाथवर माणसं झोपत होती. पण बांधून तयार झालेल्या या सिमेंटच्या खोल्यांपैकी बऱ्याच कितीतरी वर्षं रिकाम्या पडून राहिल्या. इतक्या की १९३०च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला गेला.

मागणी प्रचंड, पुरवठा तयार, तरी खोल्या रिकाम्या. त्या काळातले लोक कारणं सांगतात ती पटण्यासारखी आहेत: भाडं जास्त, कामापासून अंतर, उन्हात तापणारं काँक्रीट, जवळ बाजार नाही. मी यात एक जोडेन, आणि हा माझा तर्क आहे, अजून सिद्ध करायचा आहे. सरकारने खोली बांधली, पण खोलीबरोबर येणारी माणसं बांधता येत नाहीत. उधारीवर जेवू घालणारी बाई, कामावर चिकटवणारा गाववाला, आजारी पडलात तर गाडीत बसवून देणारा शेजारी, हे सगळं जुन्या दाटीतच होतं. गोदीत तर टोळीवाल्याच्या ओळखीशिवाय काम मिळणं कठीण, आणि टोळीवाला भेटायचा तो वस्तीत. त्याच्यापासून लांब राहायला जाणं म्हणजे रोजगारापासून लांब जाणं.

मुळशीच्या वाचकांना आणखी एक गोष्ट खटकावी अशी आहे. याच वर्षांत, १६ एप्रिल १९२१ला, आपल्याकडे मुळशी सत्याग्रह सुरू झाला. टाटांचं धरण, मुंबईच्या गिरण्यांना वीज, आणि पाण्याखाली जाणारी मावळ्यांची भातखाचरं. सेनापती बापट त्या लढ्यामुळेच सेनापती झाले. राजेंद्र व्होरा यांचं पुस्तक त्यावर आहे, जरूर वाचा. मुंबईत कामगारांसाठी खोल्या बांधणारं आणि मुळशीत शेतकऱ्यांना घराबाहेर काढायला कायदा वापरणारं सरकार एकच होतं. जमिनी गेलेल्यांपैकी किती जण मुंबईच्या गावच्या खोल्यांत पोहोचले, यावर कुणीतरी नीट काम करायला हवं. हा विषय मोकळा आहे. घ्या कुणीतरी.

त्यासाठी साधनं कुठे शोधायची? फक्त फोर्टमध्ये नाही. पोर्ट ट्रस्टच्या अहवालात जहाजांचा टनेज सापडेल, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टकडे पाडलेल्या खोल्या सापडतील. गावच्या खोलीचा हिशेब मात्र गावच्या मंडळाच्या वहीत असतो: कुणी किती वर्गणी दिली, कुणाच्या मयतीला किती काढले, जत्रेला किती पाठवले. मुळशी-मावळातल्या देवळांच्या सभामंडपातले देणगीदारांचे फलक वाचा. ‘मुंबईकर मंडळी’ असं लिहिलेलं दिसलं की नावं, रक्कम आणि साल उतरवून घ्या, फोटो काढा. रंगकाम निघालं की हे फलक जातात. मग त्या आडनावांच्या घरी जाऊन विचारा, पण ‘मुंबईत कुठे राहायचे’ असं विचारू नका, उत्तर येतं ‘लालबागला’ आणि बोलणं संपतं. ‘पहिल्या दिवशी स्टेशनवर घ्यायला कोण आलं होतं?’ असं विचारा. म्हातारी माणसं तासभर बोलतात.

हेच आज पिरंगुटमध्येही करून बघता येईल. कारखान्यांत कामाला आलेली मराठवाड्यातली, बिहार-उत्तर प्रदेशातली मुलं एका खोलीत सात-आठ जण राहतात, पाळीने झोपतात, मेसचा डबा खातात. आपल्या घरांच्या वरच्या मजल्यावरच राहतात ती. मुलाखतींचा सराव तिथून सुरू केलात तर मुंबईचं भाडंही लागणार नाही.