गाडी कुर्ल्याची, आवाज नाक्यावरचा

प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा, पुढे बाकासारखी सलग सीट हे सगळे कारखान्यातून येई. गाणे मात्र येत नसे. मुंबई-पुणे रस्त्यावर दांड फाटा, चौक, खालापूर, खोपोली ओलांडून ज्या पद्मिन्या घाट चढत, त्यांतले टेपरेकॉर्डर आणि स्पीकर सर्वसाधारणपणे कारखान्याबाहेर कुणीतरी बसवलेले असत. या कामाची नोंद आपल्याकडे झालीच असेल तर शौकाची, सजावटीची, पडदे आणि सीट-कव्हरांच्या ओळीत झाली. ती वर्गवारी मला चुकीची वाटते. जुन्या गाडीत स्टीरिओ बसवणारा ऑटो-इलेक्ट्रिशियन हा वाहन-उत्पादनाच्या साखळीतला शेवटचा कारागीर होता. कारखान्याने अर्धवट सोडलेली गाडी तो रस्त्याच्या कडेला पुरी करत असे, आणि त्याचा इतिहास गाण्यांपेक्षा वायरींच्या अंगाने वाचला तर अधिक नीट कळतो.

गाडी मुकी का येई, याचे कारण ग्राहकाच्या आवडीनिवडीत नव्हते. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले की ज्यांना भारतात गाड्या जोडायच्या आहेत त्यांनी त्यांचे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवले पाहिजेत. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. वालचंद हिराचंदांनी उभारलेली प्रीमियर आणि बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स यांसारख्या मोजक्या कंपन्या टिकल्या. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावणारा ग्राहक आत काय आहे हे विचारायच्या परिस्थितीत नव्हता, त्यामुळे कारखान्यालाही काही घालून देण्याची निकड नव्हती. रेडिओचा उद्योग वेगळाच होता. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता, पण तो दिवाणखान्यासाठी संच बनवी. बाहेरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मालावर जबर जकात होती. शिवाय १९३३ च्या वायरलेस कायद्यामुळे रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि ही पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. मोटार एका खात्याच्या परवान्यात, रेडिओ दुसऱ्या खात्याच्या. दोघांची गाठ घालून देणारा सरकारी कागद कुठेच नव्हता. ती गाठ घातली लॅमिंग्टन रोड, ऑपेरा हाउस, मनीष मार्केट इथल्या दुकानांनी आणि त्यांच्याकडून आणलेला संच गाडीच्या पोटात जोडून देणाऱ्या माणसाने.

हे जोडणे म्हणजे दोन तारा चिकटवणे नव्हे, हे समजायला जुन्या गाडीतली वीज थोडी पाहावी लागते. गाडीला बारा व्होल्टची एक बॅटरी असते आणि परतीची तार म्हणून गाडीचा पत्राच वापरतात. त्यालाच मिस्त्री 'अर्थ' म्हणतो. फियाटच्या घराण्यात बॅटरीचे ऋण टोक पत्र्याला जोडलेले असे. त्या काळच्या पुष्कळ इंग्रजी गाड्यांत मात्र धन टोक पत्र्याला असे. ट्रान्झिस्टरचा संच उलट्या ध्रुवाला जोडला तर तो तिथल्या तिथे जळतो. म्हणून संच हातात घेण्याआधी बॅटरीकडे पाहणे हा पहिला धडा. दुसरा धडा डायनॅमोचा. गाडी सिग्नलला उभी राहिली, इंजिन मंद झाले, की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही आणि सगळा भार बॅटरीवर येतो. पुढच्या दोन दिव्यांचे बल्ब चाळीस-पंचेचाळीस वॅटचे धरले तर तेच सात-साडेसात अँपिअर ओढतात. त्यात संच आणि वर पंखा. कुठला भार कुठल्या फ्यूजवर टाकायचा, याचा हिशोब कुणीतरी करायला हवा होता आणि कारखान्याने तो केलेला नव्हता, कारण कारखान्याच्या नकाशात संच नव्हताच.

तिसरा धडा आवाजाचा, आणि मला सगळ्यांत रंजक वाटतो तो हाच. पेट्रोल गाडीत प्लगला ठिणगी देण्यासाठी पॉइंट उघडतात-मिटतात. प्रत्येक ठिणगी ही रेडिओच्या दृष्टीने एक छोटे प्रक्षेपण केंद्रच असते. मीडियम वेव्हवर ती टरटर ऐकू येते आणि अॅक्सिलरेटर दाबला की वाढते. डायनॅमोची खरखर वेगळी, पुढे आलेल्या अल्टरनेटरची शीळ वेगळी, डायनॅमो-बॅटरीमधल्या कटआउटची टिकटिक आणखी वेगळी. अनुभवी कान नुसत्या आवाजावरून उगम ओळखतो. मग उपाय: प्लगच्या तारेवर सप्रेसर, कॉइलवर किंवा डायनॅमोवर कंडेन्सर, एरियलच्या बुडाशी रंग खरवडून घट्ट अर्थ, स्पीकरची तार इग्निशनच्या तारेपासून दूर. डेट्रॉइटमध्ये किंवा ट्युरिनमध्ये हे काम पगारी अभियंत्यांचे होते. मोटोरोलाने १९३० मध्ये अमेरिकेत गाडीचा रेडिओ विकायला काढला तेव्हा तिलाही आधी याच खरखरीशी झगडावे लागले होते. आपल्याकडे हे ज्ञान टेस्टलॅम्प, पक्कड आणि सोल्डरचा डाग देणारी इस्त्री एवढ्या हत्यारांवर, उस्तादाकडून शागिर्दाकडे गेले. आयटीआयची शिक्षणपद्धत १९५० पासून होती, पण तिच्या अभ्यासात मोटारीची वीज म्हणजे मुख्यतः स्टार्टर, डायनॅमो आणि दिवे.

आता मुंबईबाहेर, दांड फाट्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या रसायनीकडे येऊ. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स (एचओसी) ही सरकारी कंपनी डिसेंबर १९६० मध्ये स्थापन झाली आणि पाताळगंगेच्या काठी तिचा कारखाना व वसाहत उभी राहिली. अशा वसाहतीत घर, शाळा, दवाखाना, पाणी सगळे आखून दिलेले असते. जे आखलेले नसते ते शेजारच्या बाजारात उगवते, आणि इथे तो बाजार मोहोपाड्याचा. पुढे पाताळगंगा औद्योगिक वसाहत आली, १९८२ मध्ये रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला, आणि दांड फाट्यावरून वळणाऱ्या ट्रक-टँकरची संख्या वाढली. या रस्त्याने मिस्त्रीला मुंबईच्या दुकानदारापेक्षा कठीण परीक्षा दिली. ऑपेरा हाउसला बहुतेक कामे बारा व्होल्टची. हमरस्त्यावर मात्र पद्मिनीच्या मागे चोवीस व्होल्टचा ट्रक उभा. ट्रकमध्ये बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. मधल्या जोडावरून बारा व्होल्ट घेतले तर संच वाजतो खरा, पण एक बॅटरी रोज जास्त झिजते आणि दुसरी रोज जास्त चार्ज होते, आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. त्यासाठी चोवीसचे बारा व्होल्ट करून देणारा 'रेड्यूसर' लावावा लागतो. हा फरक जो पाळतो तो मिस्त्री, जो पाळत नाही तो नुसता जोडारी.

घाटाचेही असेच. मीडियम वेव्हची लहर जमिनीला धरून बरीच लांब जाते, तरी डोंगराआड ती क्षीण होते. एफएम तर सरळ रेषेतच चालते. बोरघाटात म्हणूनच कॅसेट हे शहरातल्यापेक्षा जास्त गरजेचे साधन होते. २००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि त्याच सुमारास मुंबईत खासगी एफएम केंद्रे सुरू झाली, तेव्हा रसायनीजवळचा भातणचा बोगदा आणि पुढचा माडपचा बोगदा यांनी गाणे मध्येच तोडण्याची नवी रीत सुरू केली. फिलिप्सने १९६३ मध्ये युरोपात दाखवलेली कॅसेट ऐंशीच्या दशकात आपल्याकडे स्वस्त झाली, एचएमव्हीची मक्तेदारी मोडली आणि प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीते, कोळीगीते, कव्वाल्या टपरीवर मिळू लागल्या. या बदलाचा सविस्तर अभ्यास पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात केला आहे. पण अशा अभ्यासांत कॅसेट मिळते, कॅसेटला लागणारा करंट मिळत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ज्याला मी उत्पादनाचा शेवटचा टप्पा म्हणतो, तो प्रत्यक्षात जुगाड होता, वायरी कापून चिकटपट्टी गुंडाळण्याचा प्रकार होता, आणि त्यातून गाड्या पेटल्या, असे म्हणता येईल. धोका खरा आहे. बॅटरीवरून फ्यूज न घालता 'डायरेक्ट' ओढलेली तार इंजिन आणि आतल्या भागामधल्या पत्र्याच्या भोकातून रबरी बुशशिवाय गेली, की तिचे आवरण रोज थोडे घासते आणि एक दिवस शॉर्ट होते. मग ती तार म्हणजे हीटरच. पण या उदाहरणातूनच दिसते की दोष काम रस्त्यावर झाल्याचा नसून दोन ठरावीक नियम मोडल्याचा आहे: फ्यूज बॅटरीजवळ हवा, आणि पत्र्यातून जाणाऱ्या तारेला बुश हवा. हे नियम चांगल्या गाळ्यावर पाळले जात, वाईट गाळ्यावर नाही, आणि दोन्हींत फरक करणारी कोणतीही तपासणी नव्हती. कारखान्यात तपासनीस असतो, नाक्यावर नव्हता. म्हणजे इथे उणीव होती ती व्यवस्थेची. शिवाय गाडी वीस वर्षे वापरायची रीत असलेल्या देशात कारखान्याच्या मूळ वायरींचे आवरणही कडक होऊन तडकत असे, आणि तेही याच माणसाने बदलले.

दुसरा आक्षेप असा की हा चार श्रीमंतांचा शौक; त्याला इतिहास कसला? खासगी मोटारी मोजल्या तर तसे वाटेल. पण दादरहून पुण्याला जाणाऱ्या टॅक्सी पद्मिनीच होत्या. ट्रक होते. आणि रायगडात गावोगाव माणसे वाहणारी सहा आसनी मिनीडोर होती, जिच्यात ड्रायव्हरच्या टपाखाली संच आणि मागे बाकाच्या वर दोन स्पीकर हे दृश्य पनवेल-पेणपासून खोपोलीपर्यंत कुणालाही ओळखीचे आहे. ज्यांनी कधी स्वतःची गाडी घेतली नाही अशा माणसांनी गाडीतला स्टीरिओ सर्वांत जास्त ऐकला, तोही भाडे देऊन आणि बरेचदा नाइलाजाने. नव्वदच्या दशकात खोक्यावर 'पीएमपीओ', म्हणजे क्षणिक कमाल शक्ती, म्हणून हजारो वॅटचे आकडे छापले जात. दहा किंवा पंधरा अँपिअरच्या फ्यूजमागे बसलेला संच बारा व्होल्टवर इतकी शक्ती आणणार कुठून, हे गणित मिनीडोरच्या प्रवाशाला कुणी सांगितले नाही, पण मिस्त्रीला ते ठाऊक होते.

कुणी म्हणेल, बदल घडवला तो संगीताच्या साधनांनी: कॅसेट, सीडी, पेनड्राइव्ह, ब्लूटूथ. मला उलट दिसते. साधने बदलली तरी मिस्त्रीचे काम जवळजवळ तसेच राहिले. बॅटरीचा कायमचा करंट, किल्ली फिरवल्यावर येणारा करंट, अर्थ, आणि स्पीकरच्या जोड्या, एवढेच प्रश्न १९७५ मध्ये होते आणि २००५ मध्येही. मधल्या काळात युरोपातल्या मानकांमुळे संचाचा चौकोनी आकार आणि मागच्या कपलरची मांडणी ठरून गेली, आणि पिवळी तार कायमच्या करंटची, लाल किल्लीची, काळी अर्थची हे रंग सर्वत्र रुळले. एक बदल मात्र जुन्या गाडीत महाग पडला. पूर्वी स्पीकरची एक तार पत्र्याला जोडून चालत असे. नव्या संचांत स्पीकरची दोन्ही टोके अॅम्प्लिफायरच चालवतो, त्यामुळे त्यातले एकही पत्र्याला लागले तर संच जळू शकतो. जुन्या गाडीतल्या जुन्या स्पीकर-तारा तशाच ठेवून नवा संच लावणाऱ्यांचे नुकसान इथे होते.

खरा बदल वॉरंटीने आणला. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली तेव्हाही साधी गाडी मुकीच मिळे आणि मिस्त्रीची चलती वाढली. पण पुढे कंपन्यांनी वायर कापली तर वॉरंटी रद्द अशी अट घातली, आणि आता दुकानाच्या पाटीवर 'वायर कट न करता, कपलर टू कपलर' हे गुण म्हणून लिहिलेले असते. जे एकेकाळी कौशल्य होते तेच दोष ठरले. बॉशने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेली कॅन ही पद्धत नंतर आपल्या गाड्यांतही आली. तिच्यात एकाच जोडीवरून अनेक यंत्रे एकमेकांशी बोलतात, स्टिअरिंगवरची बटणे आणि मागचा कॅमेरा पडद्याशी जुळलेले असतात. टेस्टलॅम्प अशा तारेला लावला तर बल्ब पेटत नाही आणि काही कळतही नाही. अपुरी गाडी पुरी करण्याचा जो टप्पा परवान्यांच्या काळात रस्त्यावर आला होता, तो असा हळूहळू कारखान्यात परत गेला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. रसायनीतला एचओसीचा कारखाना बंद करण्याचा निर्णय त्याआधी, २०१७ मध्येच झाला होता.

तरी टप्पा पूर्ण परत गेलेला नाही. काही गाड्यांची सर्वांत स्वस्त आवृत्ती आजही संचाशिवाय विकली जाते, कारण किंमत थोडी कमी दाखवता येते. हौसेने जपलेल्या पद्मिनीत ब्लूटूथचा संच बसवायचा तर आजही आधी बॅटरीचे कुठले टोक पत्र्याला आहे ते पाहावे लागते, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आहे का ते विचारावे लागते, आणि स्पीकरच्या दोन्ही तारा नव्याने ओढाव्या लागतात. हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जमत नाही, कारण त्यांच्या संगणकाला लावायला त्या गाडीत सॉकेटच नाही.