थकव्याचा दस्तऐवज : अँटवर्प १९२० ते मनगटावरचा संवेदक

धरमपेठेतून पहाटे फुटाळ्याकडे किंवा अंबाझरीकडे धावत निघणाऱ्यांच्या मनगटावर आज हमखास एक स्मार्टवॉच दिसते. पलंगावरून पाय खाली टेकण्याआधीच ते सांगते : आज विश्रांती घ्या. हा सल्ला कुठून आला आणि तो किती प्रमाण मानावा, याविषयीचा हा धागा. आरंभ मात्र पुण्यापासून करावा लागतो.

पहिल्या महायुद्धानंतर डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे खेडूत पाहून दोराबजी टाटा प्रभावित झाले. त्यांच्याच पुढाकाराने १९२० साली भारतीय चमू अँटवर्प ऑलिंपिकला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब. चौगुले २ तास ५१ मिनिटांच्या आत १९ वे आले. निकालपत्रकात वेळ आणि क्रमांक एवढेच मावत. धावपटूची दमछाक मोजायला प्रशिक्षकाकडे स्टॉपवॉच होते आणि नाडीवर ठेवायला बोटे.

ती शर्यत जिंकली फिनलंडच्या हानेस कोलेहमाइनेनने. पुढचे पाऊलही फिनलंडनेच टाकले, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो. बर्फावर स्कीइंग करणाऱ्या खेळाडूची नाडी मैदानावरच मोजण्याची सोय नव्हती. ती अडचण हेरून सेप्पो सायनायाकांगस यांनी १९७७ मध्ये 'पोलार' ही कंपनी स्थापली. १९८२ मध्ये छातीवरच्या पट्ट्यातून बिनतारी संदेश घेणारे मनगटी यंत्र बाजारात आले. आजची घड्याळे बहुधा पट्टाही मागत नाहीत. हिरवा प्रकाश त्वचेत सोडून रक्ताचे स्पंदन टिपतात.

घड्याळ मुख्यतः पाहते ते दोन ठोक्यांमधील अंतर. निरोगी, विसावलेल्या हृदयात हे अंतर सतत किंचित बदलत असते. शरीरावर ताण आला की हा चढउतार सहसा घटतो. चार-दोन दिवसांचा शीण विश्रांतीने भरून निघतो आणि खेळाडू पूर्वीपेक्षा बळकट होतो. अतिसराव मात्र महिनोन्‌महिने उतरत नाही. त्यात मोसमच नव्हे, कारकीर्दही बुडू शकते.

खरा पेच येथे आहे. जुन्या जर्मन क्रीडावैद्यांनी अतिसरावाचे दोन प्रकार वर्णिले होते. एकात विश्रांतीतील नाडी वाढते, झोप उडते, माणूस चिडचिडा होतो. दुसऱ्यात, आणि तो दीर्घ पल्ल्याच्या खेळाडूंतच अधिक दिसतो, नाडी उलट मंद राहते. मंद नाडी हे उत्तम तंदुरुस्तीचेही लक्षण! म्हणजे एकच आकडा दोन परस्परविरोधी गोष्टींची साक्ष देऊ शकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. एकाच बखरीवर विसंबून निष्कर्ष काढणाऱ्याची जी गत होते, तीच येथेही होते. युरोप आणि अमेरिकेतील क्रीडाविज्ञान संस्थांनी २०१३ साली संयुक्त निवेदनात हेच मांडले : अतिसरावाचे निदान करणारी एकही निर्विवाद खूण नाही, अन्य कारणे वगळत जावे लागते.

त्यात नागपूरचा मे महिना. पारा ४५ अंशांकडे सरकला की उकाडा, अपुरी झोप आणि पाण्याची कमतरता यांनीच नाडी चढते; घड्याळाला तो सरावाचा ताण वाटतो.

मग दुसरी साक्ष कोणती? विल्यम मॉर्गन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जलतरणपटूंना कागदावरची प्रश्नावली देऊन त्यांची मनःस्थिती वर्षानुवर्षे नोंदवली. सरावाचा भार वाढला की उत्साह घटे, उदासी वाढे. भार कमी झाला की दोन्ही पूर्ववत होत. २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडूने स्वतः सांगितलेला थकवा, झोप आणि मूड या गोष्टी प्रचलित शारीरिक मोजमापांपेक्षा सरावाच्या ताणाला अधिक संवेदनशील ठरल्या.

२०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ५,००० किलोमीटरची सायकल शर्यत बारा दिवसांच्या आत एकट्याने पूर्ण केली. तेव्हापासून शहरात अशा दीर्घ पल्ल्याच्या खेळांची चर्चा वाढली आहे. त्या वाटेने जाणाऱ्या तरुणांसाठी एक सोपी पद्धत सुचवतो : सकाळी घड्याळाकडे पाहण्यापूर्वी झोप, पायांतील जडपणा आणि धावण्याची इच्छा यांना वहीत एक ते पाच गुण द्यावेत, आणि आकडा त्यानंतर पाहावा. क्रम उलटा केला, तर आकडाच आपल्या तोंडी साक्ष घालतो.