डिक्कीतल्या खर्जाचं कूळ

चालकाच्या सीटखाली सरकवायची ती वूफरची चपटी काळी पेटी आता गाडीच्या ॲक्सेसरीज विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळते. कंपनीचा स्टिरिओ जागचा हलवायचा नाही, मागच्या स्पीकरच्या तारांवरून जोड घ्यायचा, बॅटरीपासून एक जाड वायर आत आणायची, की डग्गा ऐकू यायला लागतो. डग्गा मुद्दाम म्हणतो आहे. कंपनीच्या साध्या सिस्टिमवर तबला लावून बघा. चाटीचे बोल लख्ख येतात, पण मनगटाने दाबून चढवलेला डग्ग्याचा घुमारा पोहोचतच नाही. बास वाढवणं म्हणजे काचा थरथरवणं, असा समज झाला आहे. खरं तर रेकॉर्डिंगमध्ये असलेलं आणि गाडीत हरवलेलं काही परत मिळवायची ही धडपड आहे, आणि तिचं कूळ जुनं आहे.

हरवतं का, ते आधी बघू. स्वर एक सप्तक खाली नेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटलं, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावं लागतं. 80 हर्ट्झवर तग धरणारा दारातला साडेसहा इंची स्पीकर 40 हर्ट्झला हात टेकतो. शिवाय पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हाच मागे ती खेचत असतो. मागची लहर वळून पुढे आली की दोघी एकमेकींना खोडतात. खर्जाच्या लहरी लांबलचक असतात. 40 हर्ट्झची लहर साडेआठ मीटर भरते. त्यामुळे खोडाखोडीत पहिला बळी खर्जाचा जातो.

1925 साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या घडणीचा लाउडस्पीकर मांडला, तेव्हापासून प्रश्न हाच होता: मागच्या लहरीचं करायचं काय? बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरास यांनी पेटीला नळी लावून मागच्या लहरीलाच कामाला जुंपलं. त्याचं पेटंट 1932चं. गाडीत रेडिओही तेव्हाच शिरत होता. गॅल्विन बंधूंचा ‘मोटोरोला’ 1930चा. पण त्याच्याकडून खर्जाची अपेक्षा नव्हतीच. खर्ज हवा तर घरात कपाटाएवढी पेटी हवी, हे सगळ्यांनी मान्यच केलं होतं.

ते मान्य केलं नाही एडगर व्हिलचर यांनी. माझ्या लेखी या कुळाचे मूळपुरुष तेच. न्यूयॉर्क विद्यापीठात ते ध्वनिपुनरुत्पादन शिकवत. स्पीकरचा पडदा जागेवर आणणारी कापडी-कागदी लवचीक कड हीच बेसूरपणाची जागा आहे, हे त्यांनी हेरलं. थोडं ताणलं तर ती एका प्रमाणात ओढते, जास्त ताणलं तर भलत्याच. मग ती कड अगदी सैल ठेवली आणि पडद्याला आधार कोंडलेल्या हवेचा दिला तर? सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा ढकला. हवा कशी एकसारखी उसळते ते हाताला कळतं. पेटी घट्ट बंद आणि लहान हवी, कारण मोठ्या पेटीतली हवा पुरेशी ताठ राहत नाही. म्हणजे लहान आकार ही तडजोड उरली नाही, ती गरज ठरली. त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस याच्याबरोबर मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला त्यांनी ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. 1954 साली त्यांचा एआर-1 आला. पेटी मांडणीवर मावेल एवढी, आत बारा इंची वूफर.

व्हिलचर यांनी हे घरासाठी केलं होतं, आणि तरी ते गाडीसाठीच केल्यासारखं वाटतं. बंद पेटीचा आवाज तिच्या अनुनादाच्या खाली दर सप्तकामागे 12 डेसिबलने उतरतो. उलट गाडीच्या बंद केबिनमध्ये लहरीची अर्धी लांबीही केबिनपेक्षा जास्त झाली, म्हणजे साधारण 60-70 हर्ट्झच्या खाली, की सगळ्या हवेचा दाब एकदम वरखाली होतो आणि आवाज जवळपास त्याच चढाने वाढतो. एक उतरण, एक चढण. पत्र्यातून, फटींतून थोडं निसटतं, पण दिवाणखान्यात ज्या पेटीचा खर्ज तोकडा पडतो, तीच सीटखाली भरदार वाजते ती यामुळे.

पेटी किती लिटरची हवी हे मात्र बराच काळ अंदाजाचं काम होतं. ते गणितात बसवलं ऑस्ट्रेलियात. नेव्हिल थील यांचा निबंध 1961चा. सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी तो धागा पुढे नेऊन 1972पासून लेखमाला लिहिली. वूफरच्या खोक्यावर आज एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे जे आकडे छापतात ते या दोघांचे. या आकड्यांमुळे प्लायवूड कापणाऱ्या गॅरेजवाल्याच्या हातात प्रयोगशाळा आली. पुढे अमेरिकेत ॲरिझोनात जिम फॉसगेट यांनी गाडीच्या ॲम्प्लिफायरवर 45 हर्ट्झ उचलणारं ‘पंच’चं बटण दिलं, आणि 1980च्या दशकात मायामीत रोलँड टीआर-808 या ड्रम मशीनच्या लांबत जाणाऱ्या ढोलावर गाणी बेतली जाऊ लागली. त्या गाण्यांची खरी बैठक गाडीच होती.

तोवर स्टिरिओ बदलायची वाट सोपी होती: डॅशबोर्डमधला डेक ओढून काढा, नवा बसवा. 1983च्या कॅडिलॅक सेव्हिलने वेगळी वाट घातली. एमआयटीत शिकवणारे बंगाली वडिलांचे चिरंजीव अमर बोस यांनी जनरल मोटर्सच्या डेल्कोबरोबर त्या गाडीची केबिन मोजून तिच्यापुरती सिस्टिम बेतली, प्रत्येक स्पीकरला त्याचा ॲम्प्लिफायर देऊन. गाडी आणि स्टिरिओ एकजीव होण्याची ही सुरुवात. आज स्क्रीनमध्येच एसी, कॅमेरा, स्टिअरिंगची बटणं गुंतलेली असतात. ती उपटायची सोय राहिली नाही.

आपल्याकडे मारुती 800च्या मागच्या ट्रेवर सहा-बाय-नऊचे ओव्हल स्पीकर बसायचे, ते आठवा. बसवणाऱ्याला ठाऊक असो-नसो, मागची लहर अख्ख्या डिक्कीत कोंडली जायची आणि खर्ज सुटायचा. दाराला तो लाभ नाही, कारण आतल्या पत्र्याला भोकंच भोकं. म्हणून माझं ठाम मत: वूफर घेण्याआधी पुढच्या दारांना ब्यूटाइलचे डॅम्पिंग शीट लावून ती भोकं बुजवा. बऱ्याच गाड्यांत हरवलेला अर्धा डग्गा तिथेच सापडतो.

मग पेटी. स्पीकरच्या तारेतला जोरकस सिग्नल लाइन आउटपुट कन्व्हर्टर सौम्य करून ॲम्पला देतो. पुष्कळ पेट्यांत तो आतच असतो. मेख पुढे आहे. आपले लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून अनेक गाड्या आवाज चढवताच खर्ज गुपचूप कमी करतात. मग नवा वूफरही हळू आवाजात भरतो आणि मोठ्या आवाजात गळपटतो, आणि गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडतं. यावर तुटलेला खर्ज भरून काढणारे कन्व्हर्टर मिळतात, किंवा कारखान्याच्या ॲम्पच्या आधीचा सिग्नल घ्यावा लागतो. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा खर्ज वूफरकडे जातो ती सीमा, 80 हर्ट्झच्या आसपास. शेवटी चालकाच्या जागी बसून तबला लावायचा आणि दुसऱ्याला फेजचं बटण उलटसुलट करायला सांगायचं. ज्या बाजूला डग्गा भरून येतो आणि सीटखालून नव्हे तर समोरून आल्यासारखा वाटतो, ती बाजू बरोबर.