तापपिंडन, विद्युत् क्षेत्रसाहाय्यित : फॉस्फेटी मृत्तिका

चूर्णाचे कण वितळू न देता उष्णतेने एकमेकांस जोडून घन पिंड बनविण्याच्या क्रियेस तापपिंडन म्हणतात. त्यासाठी लागणारी उष्णता विद्युत् प्रवाहाने साच्यात किंवा खुद्द पिंडात निर्माण केल्यास ते विद्युत् क्षेत्रसाहाय्यित तापपिंडन होय. ताथवडे ज्या पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यात मोडते, त्यास तापपिंडन अपरिचित नाही. दापोडी येथील सँडविक एशिया (स्थापना १९६०) या कंपनीची टंगस्टन कार्बाइडाची कर्तन-हत्यारे तापपिंडनानेच घडत असत.

इतिहास : ब्लॉक्सम यांनी १९०६ मध्ये दिव्यांच्या तंतूंसाठी आणि टेलर यांनी १९३३ मध्ये कठीण कार्बाइडांसाठी विद्युत् तापपिंडनाची एकस्वे मिळविली. १९६०–७० या दशकात जपानमध्ये कियोशी इनोउए यांनी स्पंदित प्रवाहाची रीत विकसित केली. १९९० च्या सुमारास तिची यंत्रे ‘स्पार्क प्लाझ्मा’ या नावाने प्रचारात आली. तथापि त्यात प्लाझ्मा निर्माण होतो, याचा निर्णायक पुरावा मिळालेला नाही. २०१० मध्ये अमेरिकेत कोलोन्या, ऋषी राज व सहकारी यांनी झिर्कोनियाचा पिंड सु. ८५०° से. तापमानास काही सेकंदांत घट्ट केला. ही पद्धती ‘फ्लॅश’ तापपिंडन म्हणून ओळखली जाते.

फॉस्फेटी मृत्तिका : हाडातील खनिजाशी साम्य असणारे हायड्रॉक्सिॲपेटाइट हे कॅल्शियम फॉस्फेट अस्थिरोपणासाठी वापरतात. साध्या भट्टीत ते घट्ट करण्यास सु. १,१००° ते १,३००° से. तापमान व काही तास लागतात. एवढ्या वेळात कण वाढतात; तापमान अधिक चढल्यास हायड्रॉक्सिल गट निघून जाऊन ट्रायकॅल्शियम फॉस्फेट तयार होते. ते शरीरात अधिक लवकर विरघळत असल्याने रोपणाचे आयुष्य बदलते. ग्रॅफाइटाच्या साच्यात दाब देऊन मिनिटाला शंभर अंशांहून अधिक वेगाने तापविल्यास सु. ९००° ते १,०००° से. तापमानास काही मिनिटांतच जवळजवळ छिद्ररहित, सूक्ष्मकणी व कधीकधी पारदर्शकही पिंड मिळतो. हे फॉस्फेट विद्युत् निरोधक असल्याने प्रवाह मुख्यत्वे साच्यातूनच वाहतो. म्हणून सूक्ष्मसंरचनेतील सुधारणेचे श्रेय मुख्यतः दाबास व जलद तापनास द्यावे लागते, विद्युत् क्षेत्रास नव्हे.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. निर्वातात हायड्रॉक्सिल गट अधिक सहज निघून जातात व साच्यातील कार्बन पिंडात शिरतो. फ्लॅश पद्धतीत प्रवाह एकाच वाटेने एकवटल्यास त्या भागातील कण मोठे होतात व पिंड विषम बनतो. यास्तव केवळ घनतेवरून अशा पिंडाची पारख करणे पुरेसे नाही. कणांचे आकारमान व रासायनिक प्रावस्था यांचीही तपासणी आवश्यक ठरते.